दीडशे विड्यांचा पिक्चर

आई पिक्चरला स्टार देत नाही.
मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा,
डोळे टीव्हीवर, बोटं आपल्या वाटेनं.
शेवटी पाट्या येतात तेव्हा ती विड्या मोजते
आणि निकाल देते:
"साडेतीनशे झाल्या. काही दम नव्हता बघ."
पिक्चर जेवढा पडेल, तेवढी मजुरी जास्त.
मारामाऱ्यांत तर हात मशीनसारखा चालतो.
दीडशेच्या खाली उतरलेले पिक्चर आजवर चारच,
त्यातला एक तापात बघितलेला,
तो ती धरत नाही.

बाबा कापड बघतात.
बावीस वर्षं टॉवेलच्या मागावर उभे होते.
हिरॉइन रडत असते आणि बाबा म्हणतात,
"त्या टॉवेलनं डोळे पुसून काय उपयोग,
पाणीच पीत नाही तो. नुसती खळ आहे."
एकदा मढ्यावरची चादर बघून उठून बसले:
"अरे, ही सोलापूरची! डिझाइन ओळखलं मी!"
मेला कोण होता, कशानं मेला,
त्यांना अजून माहीत नाही.

शेजारच्या महानंदाबाई हिरेमठ
दारातूनच विचारतात, शेवट गोड आहे का.
नसला तर भाकऱ्या थापायला परत जातात.
असला तर बसतात,
आणि तरी रडतात.

अंबादास मोबाईलवर दीडपट वेगानं बघतो.
त्याच्याकडे प्रेमात पडलेली माणसं
बस सुटायलीय अशा घाईत बोलतात.
तरी म्हणतो, "स्लो हाय बे."

तेलुगू पिक्चर हिंदीत बोलायला लागले
तेव्हा सगळ्यांना चाललं, आईला नाही.
हिंदी कळते तिला. पण ती ओठ बघते.
"असं म्हणालाच नाही तो," सांगते,
"तो म्हणाला, जेवलीस का.
ह्यांनी त्याच्या तोंडी जानम-बिनम घातलंय."
मग आम्ही आवाज बंद करतो
आणि आई सांगेल तो पिक्चर बघतो.
त्यात व्हिलनसुद्धा
कुणाला तरी जेवलास का विचारतो.

एकदा ऐन क्लायमॅक्सला नळ आला,
पाचव्या दिवशी, रात्री पाऊण वाजता.
व्हिलनच्या छातीवर बंदूक ठेवून
विडी घरकुलातली अख्खी गल्ली घागरी घेऊन बाहेर.
परत आलो तर साबणाची जाहिरात.
त्या पिक्चरबद्दल आईचं मत:
पाणी फोर्सनं आलं.

मागच्या मंगळवारचा मात्र कुणी लावला नव्हता.
अंबादास रिमोटवर बसला नि लागला.
कुठल्या देशाचा, कुणास ठाऊक. बाहेर बर्फ,
आत एक बाई हॉटेलच्या चादरी इस्त्री करतेय.
एक झाली की दुसरी.
गाणं नाही. कुणी येत नाही, जात नाही.
ओठ वाचावेत तर ती बोलतच नाही.
बाबा म्हणाले, "सुती आहे,"
आणि मग काहीच म्हणाले नाहीत.
महानंदाबाई शेवट विचारायचं विसरल्या.
अंबादास पुढं पळवायला लागला, तर आई,
"राहू दे बे, करू दे तिला."
मग स्वतःशीच: "आता उठेल बघ. पाणी पिईल."
बाई उठली नाही.
आईनं पाय बदलला, सूप सरळ केलं.
तेवढ्यात लाइट गेली.
आम्ही अंधारात बसून राहिलो,
पत्रा तापलेला, कूलर गप्प,
कुणी कुणाला विचारलं नाही कसा वाटला.

सकाळी कारखान्यात माझ्यासमोर
चेकरनं कट्टा सोडला, एक विडी दाबून बघितली,
मग दुसरी.
सहा विड्या पोकळ.
नुसतं पान, आत काही नाही,
वर दोरा मात्र नीट बांधलेला.
तीस वर्षांत पहिल्यांदा.
"लक्ष कुठं होतं अनसूयाबाई?"
"पिक्चर बघत होते की."
"कसा होता?"
आई म्हणाली, "हातात आहे तुमच्या."

त्यानं सहाच्या बदल्यात पंचवीस छाटल्या.

रात्री मी विचारलं, शोधू का तो, राहिलेला?
"नको गं," पानं भिजवत आई म्हणाली,
"उद्या हजार द्यायच्यात.
मारामारीचा लाव."